पन्नासातलं एक

"कॅनडात कोण आहे तुझं?" टियर्नीकाकांनी विचारलं.

मी जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी होते. काखेत धुतलेल्या कपड्यांची टोपली, समोर पत्रांची पेटी उघडी, आणि हातात ते निळं पाकीट. तिकिटावर राणीचं तोंड, त्यावर टोरांटोचा शिक्का. लपवायला जागाच नव्हती. ते एरवी दुपारी एकला कामावरून यायचे, त्या दिवशी साडेअकरालाच दारात हजर.

"भाऊ," मी म्हणाले.

म्हटलं आणि माझी मलाच कानशिलं तापल्यासारखी वाटली. आम्ही चार बहिणी. मिरजेला किल्ल्याच्या भागात आमचं घर, आणि भाऊ नाही म्हणून आईला अख्ख्या गल्लीने ऐकवलेलं. 'माझा भाऊ' हे शब्द जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडून निघाले, ते अमेरिकेत, एका आयरिश घरमालकापुढे, आणि तेही खोटे.

"भाऊ? हे कधी बोलली नाहीस."

"विषय निघाला नाही."

"काय करतो?"

"सुतारकाम. म्हणजे, शिकतोय. एका कारखान्यात."

हे मात्र खरं होतं, पाकीट ज्याचं होतं त्याच्या बाबतीत. काकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली.

"नाव काय?"

मला एकही नाव सुचेना. शेजारच्या गोगट्यांच्या मुलाला सगळे ज्या नावाने हाक मारायचे ते तोंडात आलं.

"बाळ."

"बाल," ते म्हणाले. "बरं. तिकडे थंडी फार असते म्हणावं. पायांना जपायला सांग त्याला." आणि लंगडत आपल्या दारात गेले.

ही गोष्ट एकोणीसशे बहात्तरच्या सप्टेंबरातली. आमचे हे वूस्टरला पीएच.डी. करत होते आणि आम्ही राहायचो तिथून अर्ध्या तासावर, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या गिरण्यांच्या एका गावात, कारण भाडं परवडायचं. गिरण्या निम्म्या बंद पडलेल्या. दुमजली लाकडी घर, खाली मालक, वर आम्ही. मालक म्हणजे जो टियर्नी. तोंडावर मी त्यांना मिस्टर टियर्नीच म्हणायचे, पण घरात आम्ही टियर्नीकाका म्हणायचो, आणि त्यांच्या बायकोला नोराबाई. काका गावच्या पोस्टात सॉर्टिंगला होते. पहाटे चारला जायचे, सगळ्या गावाची पत्रं आपल्या हाताने खणाखणांत लावायचे. दुसऱ्या महायुद्धात इटलीत त्यांच्या पायात गोळी लागली होती, म्हणून चालताना उजवा पाय ओढायचे. फार बोलायचे नाहीत. पण पहिल्या हिवाळ्यात माझ्या अंगावर साडीवर घातलेला यांचा कोट बघून दुसऱ्या दिवशी न बोलता दारात फरच्या बुटांचा जोड ठेवून गेले होते. असा माणूस.

त्यांना एकुलता एक मुलगा होता, ब्रेंडन. खालच्या बैठकीत भिंतीवर फोटोंची रांग होती, तिच्यात एका जागी नुसता खिळा होता. ते बघून मी एकदा भोळेपणाने विचारलं, तेव्हा नोराबाईंनी मला स्वयंपाकघरात नेऊन दार लावलं आणि सांगितलं. सत्तर साली ब्रेंडनला व्हिएतनामच्या लढाईसाठी लष्कराचं बोलावणं आलं. तो गेला नाही. एका रविवारी देवळात जातो म्हणून निघाला आणि सीमा ओलांडून कॅनडात गेला. परत पाय ठेवला तर पोलीस धरणार, तुरुंगात घालणार. पहिलं पत्र आलं ते दोघांच्या नावाने. काकांनी ते न फोडता वर 'नाकारलं' असं लिहून परत केलं, आणि जाहीर केलं की या घरात ते नाव पुन्हा घ्यायचं नाही.

"आणि तुम्ही नाही घेत?" मी विचारलं.

"सव्वीस वर्षांचा संसार आहे, कुमुद," नोराबाई म्हणाल्या. "तो चिडला तर मला भीती वाटत नाही. त्याला दुखतं, त्याची वाटते."

पत्रं माझ्या नावावर मागवायची युक्ती माझीच. बाहेरच्या पाकिटावर 'मिसेस के. खांबेटे', आत दुसरं पाकीट नोराबाईंसाठी. महिन्याला दोन यायची. त्या कॉफीच्या निमित्ताने वर येऊन माझ्या टेबलाशी बसून वाचायच्या, दोनदा वाचायच्या, आणि पत्र माझ्याच तांदळाच्या डब्यामागे ठेवून खाली जायच्या. आम्ही दोघी स्वतःला फार हुशार समजत होतो.

त्या दुपारी त्या वर आल्या तेव्हा मी सगळं सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "त्याला काय नाव दिलंस म्हणालीस?"

"बाळ."

"बाल," त्यांनी म्हणून पाहिलं. "म्हणजे मी खाली तुला विचारू शकते, बालचं काय चाललंय म्हणून. जोच्या समोर."

आणि खरंच तसं झालं हो. त्या घरात दोन वर्षांनी पहिल्यांदा कॅनडातल्या पोराचा विषय निघायला लागला. रविवारी आम्हाला जेवायला बोलवायचे, आणि बटाटे वाढता वाढता नोराबाई विचारायच्या, "बालला नवी खोली मिळाली का गं?" मी सांगायचे, मिळाली, पण घरमालकीण मांजरं पाळते. काका मान खाली घालून मांस कापत असायचे. मध्येच म्हणायचे, "मांजरं चालतात. उंदीर नसतात मग." आमचे हे टेबलाखालून माझा पाय दाबायचे. घरी आल्यावर म्हणाले, "खोटं बोललीस ते बोललीस, आता हा भाऊ सांभाळ जन्मभर."

नोराबाईंनी तिकडेही कळवलं होतं. पुढच्या पत्रात शेवटी चार ओळी माझ्यासाठी होत्या. 'वरच्या मजल्यावरच्या बहिणीला नमस्कार. मला सख्खी बहीण नाही. तुमच्या भाषेत मोठ्या बहिणीला काय म्हणतात ते कळवा. तुमचा, बाल.' मी त्याच्याहून एका वर्षाने लहान होते. तरी कळवलं, ताई. एवढी संधी कोण सोडतंय.

ऑक्टोबर लागला. गावात निवडणुकीच्या पाट्या लागल्या. अध्यक्ष पुन्हा उभे होते, आणि विरोधात साउथ डकोटाचे एक सेनेटर. लढाई बंद करू असं दोघंही म्हणत होते, पण त्या सेनेटरनी आणखी एक गोष्ट म्हटली होती: लढाई संपल्यावर, जे लष्कराचं बोलावणं टाळून परदेशी गेले त्यांना माफी. अध्यक्ष म्हणत होते, माफी नाही. नोराबाईंना बाकीच्या राजकारणाशी देणंघेणं नव्हतं. त्यांच्या दृष्टीने एका नावाला शिक्का म्हणजे पोरगा घरी, दुसऱ्या नावाला म्हणजे तो जन्माचा परका.

"आणि काका?" मी विचारलं.

"जो? तो त्या माफीवाल्याला मत देईल? इटलीत त्याच्या शेजारी झोपलेली चार पोरं परत आली नाहीत. तो म्हणतो, माफी दिली तर त्यांनी काय वेडेपणा केला का." त्यांनी कपातली कॉफी ढवळली, साखर कधीच विरघळलेली होती. "मी एक मत टाकणार, हा एक टाकणार. माझं मत याच्या मतात जिरणार, दोन्ही मिळून शून्य. तरी मी टाकणार."

त्याच महिन्यात काका एका संध्याकाळी वर आले. कधी यायचे नाहीत. हातात कागदी पिशवी, आत करड्या लोकरीचे मोज्यांचे तीन जोड.

"तुझ्या भावाला पाठव. माझ्याकडून म्हणू नकोस, उगाच लाजेल."

"अहो कशाला? आणि हे फार मोठे आहेत. आम्ही लोक बुटके. यांना आठ नंबर लागतो."

"अकराचे आहेत," ते म्हणाले. "असू दे. लोकर धुतली की आटते."

नोराबाईंना पिशवी दाखवली तेव्हा त्यांनी ती छातीशी धरली. "बापाने आणलेत हे त्याला कळवायचं तरी कसं?" त्या म्हणाल्या. आणि रडल्या. काकांना ठाऊक नाही आणि ते आपल्याच मुलासाठी मोजे विकत घेतायत, याचं त्यांना रडू येत होतं. मलाही आलं. आम्ही ते मोजे पोस्टाने धाडले. पार्सल अर्थात काकांच्याच पोस्टातून गेलं.

त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला होती. मी क्रीम ऑफ व्हीट या तिथल्या लापशीच्या भरडीचा रवा करून लाडू वळले, करंज्या तळल्या तर सगळ्या घरात धूर झाला आणि काका बादली घेऊन वर धावले. पंचांग मिरजेहून आलेलं होतं. त्यात बघितलं तर भाऊबीज मंगळवारी, सात तारखेला. मतदान त्याच दिवशी.

सकाळी दहाला नोराबाई दारात उभ्या. केस बांधलेले, चर्चला जायचा हिरवा कोट. "चल माझ्याबरोबर," म्हणाल्या. "मला एकटीला पाय उचलवत नाही."

मतदान टाउन हॉलमध्ये होतं. मला मत नव्हतं, म्हणून मला दोरीच्या अलीकडे एक खुर्ची दिली. तिथली पद्धत मजेशीर. टेबलाशी बसलेल्या बाई आधी रस्त्याचं नाव विचारायच्या, मग घर नंबर, आणि माणसाचं नाव सगळ्यात शेवटी. मोठ्याने म्हणायचं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग हातात लांबलचक कागद. आडोशाला जाऊन खुणा करायच्या, आणि बाहेर पडताना पुन्हा दुसऱ्या टेबलाशी तेच, रस्ता, नंबर, नाव. शेवटी एक लाकडी पेटी. तिच्या फटीत कागद धरला की म्हातारा कारकून बाजूची दांडी फिरवायचा, कागद आत ओढला जायचा आणि पेटीतली घंटा टण्णकन वाजायची. प्रत्येक मताला एक घंटा.

नोराबाई रांगेत असतानाच काका आले. पोस्टाच्याच निळ्या कपड्यांत, कामातून मध्येच सुटून. बायकोला बघून त्यांनी टोपीला हात लावला. परक्या बाईला लावावा तसा. दोघं शेजारशेजारच्या आडोशांत गेले. पडद्याखालून मला चार पाय दिसत होते, दोन काळे बूट, दोन तपकिरी, आणि तपकिरी लवकर हलेनात. नोराबाईंचं झालं. घंटा वाजली. काका अजून आतच. मागे माणसं चुळबुळ करायला लागली. मी मनात म्हणत होते, एवढा काय विचार करताय, तुमचं तर ठरलेलं आहे. मग ते बाहेर आले, पेटीशी गेले, घंटा वाजली.

नोराबाई माझ्याजवळ येऊन उभ्या होत्या. "जिरलं," त्या हळू म्हणाल्या.

मी सवयीने त्यांच्या बोटाकडे पाहिलं. शाई नव्हती. आमच्याकडे मत दिल्यावर बोटाला शाई लावतात, असं मी सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "बरं झालं नाही लावत. रात्री ताट वाढताना मला दोघांची बोटं बघावी लागली असती."

संध्याकाळी सूर्य मावळल्याबरोबर मी मागच्या लाकडी गॅलरीत गेले. दिवसभर ढग होते, पण पश्चिमेला पट्टा मोकळा झाला होता आणि गिरणीच्या धुराड्याच्या बाजूला बिजेची कोर दिसत होती. आम्हा चौघी बहिणींना हे दर वर्षाचं. भाऊ नसला की चंद्राला ओवाळायचं. स्टीलच्या ताटलीत कुंकू, अक्षता, सुपारी, आणि वाटीत अमेरिकन लोण्याचं तूप घालून वात लावलेली. वाऱ्याने विझत होती म्हणून मी पाठ करून उभी राहिले.

"घराला आग लावतेस का आता?" खालच्या अंगणातून काकांचा आवाज आला. करंज्यांपासून ते सावध होते. लाकडी जिन्यावर पाय ओढल्याचा आवाज, आणि ते वर आले.

मी त्यांना सांगितलं. आज बहिणीने भावाला ओवाळायचं असतं. भाऊ जवळ नसला की चंद्राला.

"म्हणजे बालसाठी हे."

"हो," मी म्हणाले. आणि गंमत म्हणजे त्या क्षणी मी खोटं बोलत नव्हते. मी खरोखर त्यालाच ओवाळत होते. तोंड न पाहिलेल्या, मांजरांच्या घरात राहणाऱ्या, लोकांच्या खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या पोराला.

काकांनी टोपी काढून हातात धरली. मी ओवाळलं. ते कोरीकडे बघत होते.

"बाल म्हणजे काय? काही अर्थ आहे?"

"मूल. लहान मूल. घरात लाडाने म्हणतात. माणूस साठीचा झाला तरी म्हणतात."

त्यांनी ताटलीतल्या वातीला हाताचा आडोसा केला. मग विचारलं, "भाऊ काय करतो यात?"

"ओवाळणी घालतो ताटात. काहीतरी देतो बहिणीला."

त्यांनी शर्टाचे खिसे चाचपले. एका खिशातून पोस्टाच्या तिकिटांची छोटी पुस्तिका निघाली, ती त्यांनी कुंकवाशेजारी ठेवली. "त्याच्या वतीने," म्हणाले. "पत्रं थांबवू नकोस." आणि जिना उतरून गेले.

आठला आम्हाला खाली टीव्ही बघायला बोलावलं होतं. पडद्यावर देशाचा नकाशा होता आणि एकामागून एक राज्यं अध्यक्षांच्या रंगात रंगत होती. नोराबाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. साडेआठ वाजले नाहीत तोच निकाल लागल्यात जमा झाला. त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, नळ सुरू केला. भांडी तर मघाशीच घासून झाली होती. मी त्यांच्या मागे गेले. त्या कोरड्या ताटल्या पाण्याखाली धरत होत्या.

"आणखी चार वर्षं," म्हणाल्या. "चार वर्षांनी तो अठ्ठावीसचा होईल. तिकडेच लग्न करेल. माझी नातवंडं कॅनेडियन होतील. मी त्यांना फोटोत बघेन, तुझ्या तांदळाच्या डब्यामागे."

मी एकेक ताटली घेऊन पुसायला लागले. बैठकीतून टीव्हीचा आवाज येत होता. सांगणारा म्हणाला, फक्त मॅसॅच्युसेट्स वेगळं गेलंय. नोराबाईंनी नळ बंद केला. आम्ही दारात येऊन पाहिलं. सगळा नकाशा एका रंगाचा आणि वर उजव्या कोपऱ्यात आमचं तेवढं इवलंसं राज्य दुसऱ्या रंगाचं. काका खुर्चीत पुढे वाकून बसले होते. "हं," म्हणाले, आणि उठून टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी ते कामावर गेलेच नाहीत. सकाळी हे वूस्टरला गेल्यावर माझ्या दारावर थाप पडली. काका. हातात त्या दिवसाचं वर्तमानपत्र आणि एक मोठं तपकिरी पाकीट. मी बसा म्हटलं, ते बसले नाहीत.

"हे आजच्या टपालात टाकायचंय," ते म्हणाले. "तुझ्या भावाला. मी टाकलं असतं, पण तुझ्यामार्फत गेलेलं बरं. तशी रीत पडलीय आता."

मी पाकीट हातात घेतलं. पत्ता लिहिलेला होता. पोस्टातल्या माणसाचं स्वच्छ ठळक अक्षर. टोरांटोचा रस्ता, घर नंबर, सगळं बरोबर. मी त्यांना शहराचं नावसुद्धा कधी सांगितलेलं नव्हतं. आणि सगळ्यात वर नाव होतं: ब्रेंडन टियर्नी.

मीच खुर्चीत बसले.

"तुम्हाला माहीत होतं."

"कुमुद," ते म्हणाले, "या गावात येणारं प्रत्येक पत्र माझ्या हातून जातं. माझं पोर डावखुरं आहे. त्याचा सातचा आकडा मागे झुकतो, पहिलीत असल्यापासून. आपला घर नंबर काय?"

घर नंबर सत्त्याहत्तर होता.

"पहिलं पत्र तुझ्या नावाने आलं तेव्हाच ओळखलं. मीच ते तुमच्या खणात टाकलं. प्रत्येक पत्र मीच टाकलं. एखादं उशिरा आलं की मला चार दिवस झोप नसायची."

"मग बोलला का नाहीत? त्या बिचाऱ्या तिथे चोरासारख्या बसून वाचतात," मी चक्क रागावले होते. ते रागावणं माझ्या अंगात कुठून आलं कोण जाणे, मी त्यांच्यापुढे कधी आवाज चढवला नव्हता.

"काय बोलायचं? नाव घ्यायचं नाही, हे मीच म्हणालो होतो. कळलंय म्हणून सांगितलं तर दोनच गोष्टी. एक तर पत्रं बंद करायची, नाहीतर आपला शब्द मागे घ्यायचा. पहिलं करवत नव्हतं, दुसरं जमत नव्हतं." त्यांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "त्या दिवशी मुद्दाम लवकर आलो मी. तू पेटीशी असतेस ती वेळ धरून. म्हटलं, विचारू, ही काय सांगते बघू. तू म्हणालीस, भाऊ. मला वाट करून दिलीस तू, पोरी."

मी पदराने डोळे पुसले. "आणि काल? काल तुम्ही एवढा वेळ आत काय करत होता?"

"त्या चार पोरांना विचारत होतो," ते म्हणाले. "इटलीतल्या."

"काय म्हणाली?"

"काही नाही. ती एकोणीस-वीस वर्षांची होती. ती काय म्हणणार. घरी जायचंय, एवढंच म्हणायची नेहमी."

त्यांनी माझ्या हातातलं पाकीट परत घेऊन उघडून दाखवलं. आत वर्तमानपत्राचं पहिलं पान होतं, नकाशाचं. पन्नास राज्यांतलं ते एक, त्याच्याभोवती त्यांनी पोस्टाच्या जाड निळ्या पेन्सिलीने गोल काढला होता. खाली लिहिलं होतं: 'हे आपलं. यात माझं एक आहे. – बाबा.'

"नोराला वाटतंय मी तिचं मत जिरवलं," ते दाराशी जाऊन म्हणाले. "तू सांग तिला. मला जमायचं नाही."

मी तशीच अनवाणी खाली गेले. नोराबाई बटाटे सोलत होत्या. मी सगळं एका दमात सांगितलं, माझं इंग्रजी त्या घाईत पार कोलमडलं, तरी त्यांना कळलं. सुरी खाली ठेवली, हात ॲप्रनला पुसले.

"अकरा नंबरचे मोजे," त्या म्हणाल्या. "अगं, दुकानातून ब्रेंडनच्या मापाचे, अकरा नंबरचे आणले होते त्याने. मी कशी मूर्ख."

मग त्या मागच्या दाराने अंगणात गेल्या, जिथे काका उगीचच झाडाखालची पानं गोळा करत होते. काय बोलल्या ते मला माहीत नाही. खिडकीतून एवढं दिसलं की त्यांनी काकांच्या दंडावर एक चापट मारली, चांगली जोरात, आणि मग तोच दंड धरून उभ्या राहिल्या. संध्याकाळी मी खाली गेले तेव्हा त्या खिळ्यावर फोटो होता. उंच, हडकुळा, कान पुढे आलेले. मी पहिल्यांदा माझ्या भावाला पाहिलं.

पण निकाल निकालच होता. माफी नव्हती. पत्रं येत राहिली, आता सरळ खालच्या पेटीत, आणि तरी दर वेळी एक चिठ्ठी 'ताई'साठी असायची. दर भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळायचे आणि काका जिना चढून तिकिटांची पुस्तिका ठेवून जायचे. यांना पदवी मिळाली, जवळच्याच कारखान्यात नोकरी लागली. घर बदलायचा विषय निघाला की मी म्हणायचे, बघू पुढच्या वर्षी. आमची मुलगी त्याच जिन्यावर चालायला शिकली.

सत्त्याहत्तरच्या जानेवारीत नवे अध्यक्ष आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी माफी जाहीर केली. त्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी, भर दुपारी, बाहेर बर्फ कमरेइतकं असताना एक जुनी गाडी दाराशी थांबली. मी वरच्या खिडकीत होते. कान पुढे आलेला एक दाढीवाला माणूस उतरला आणि गाडीचं दार धरून तसाच उभा राहिला. पुढे यायचा धीर त्याला होईना.

घराचं दार काकांनी उघडलं. सात वर्षं झाली होती. नोराबाई आत ओव्हनशी होत्या, त्यांना अजून पत्ता नव्हता. काकांनी हात पुढे केला, मागे घेतला. काकांना मिठी मारणं कधी शिकवलंच नव्हतं कुणी. खिडकीच्या काचेवर वाफ धरली होती, ती मी हाताने पुसली. मला वाटलं, आता हे दोघं असेच बर्फात उभे राहणार संध्याकाळपर्यंत.

तेवढ्यात काकांनी मान वर केली आणि माझ्या खिडकीकडे बघून हाक मारली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

"कुमुद, ताट लाव. बाल आलाय."